एबीएसचा दिवा विझत नाही, म्हणजे खरंच अख्खं मॉड्युल बदलावं लागतं का?

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर दिवाळी होते. लाल, पिवळे, हिरवे दिवे लागतात आणि दोन-तीन सेकंदांत एकेक करून विझतात. त्यातला 'एबीएस' लिहिलेला पिवळा दिवा एखाद्या दिवशी विझतच नाही. गाडी चालते, ब्रेकही लागतात, त्यामुळे पहिले चार दिवस कुणी लक्ष देत नाही. मग गाडी सर्व्हिसिंगला जाते आणि दुपारी फोन येतो, "सर, एबीएस मॉड्युल गेलंय. पार्ट मागवावा लागेल."

साध्या हॅचबॅकसाठीही हा आकडा पाच अंकी असतो. महागड्या जर्मन गाड्यांमध्ये तो सहा अंकांत जातो.

गंमत अशी की हाच दिवा चाकाजवळची एक वायर तुटल्यामुळेही लागतो. बेअरिंग उलटं बसल्यामुळेही लागतो. बॅटरी म्हातारी झाल्यामुळेही लागतो. डॅशबोर्डवर हे सगळे बिघाड अगदी सारखेच दिसतात, खर्चात मात्र शंभर पटींचा फरक पडू शकतो. मग नेमकं काय बिघडलंय हे शोधतात कसं?

आधी दिव्याचा रंग बघा

ब्रेकशी संबंधित दोन वेगळे दिवे असतात आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात.

गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा मूळ ब्रेकचा. हँडब्रेक थोडासा ओढलेला राहिला तरी तो लागतो. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही लागला, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघायची. पातळी कमी असेल तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि हे गंभीर आहे. दुसरी म्हणजे ब्रेक पॅड झिजलेत. पॅड झिजले की पिस्टन जास्त बाहेर येतो, त्याच्या मागच्या जागेत जास्त ऑइल जातं आणि डब्यातली पातळी उतरते. अशा वेळी कुणी नुसतं ऑइल ओतून दिलं की दिवा जातो, झिजलेले पॅड तसेच राहतात. पुढे नवे पॅड बसवताना तेच जास्तीचं ऑइल डब्याबाहेर येतं आणि जिथे सांडतं तिथला रंग खातं.

नुसता पिवळा एबीएस दिवा लागला असेल, तर साधे ब्रेक शाबूत असतात. फक्त एबीएस बंद असतं. गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते.

पिवळा आणि लाल दोन्ही एकदम लागले, तर गाडी बाजूला घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा हे वाटून देणारी ईबीडी नावाची यंत्रणाही एबीएसच्याच कॉम्प्युटरवर चालते. तीही बंद पडली की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकू शकतात आणि गाडीची शेपटी फिरते. पावसात खंबाटकी किंवा आंबोलीचा घाट उतरताना हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको. अशी गाडी टो करून नेणंच शहाणपणाचं.

एबीएस करतं काय?

जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी घसरत पुढे जाते. चाक अडकलेलं असताना स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो, गाडी सरळच जाते. एबीएस हे होऊ देत नाही. चारही चाकांचा वेग ते सतत मोजत असतं. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा अचानक हळू झालं, म्हणजे अडकायला आलं, की त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा द्यायचा, पुन्हा सोडायचा. हे सेकंदात अनेक वेळा होतं. पेडलखाली जी थरथर जाणवते ती हीच.

बॉशने बनवलेली इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. भारतात नव्या मॉडेलच्या कारना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे त्यानंतर घेतलेल्या अगदी स्वस्त गाडीतही ही यंत्रणा आहे. त्या गाड्या आता वॉरंटीबाहेर जाऊन जुन्या होतायत, त्यामुळे हा दिवा आता भरपूर लोकांच्या डॅशबोर्डवर दिसणार आहे.

यंत्रणेचे भाग मोजकेच. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर, त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी किंवा चुंबकीय रिंग, तिथून बॉनेटपर्यंत येणारी वायर, आणि बॉनेटमध्ये बसलेलं मॉड्युल. मॉड्युलमध्ये पुन्हा दोन भाग असतात: ब्रेक ऑइलचे व्हॉल्व्ह आणि पंप असलेला धातूचा ठोकळा, आणि त्याला चिकटलेला कॉम्प्युटर.

या साखळीतली कुठलीही कडी तुटली की कॉम्प्युटर एबीएस बंद करतो आणि दिवा लावतो. चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हा त्यामागचा विचार. म्हणजे दिवा एवढंच सांगतो की साखळी तुटली आहे. कुठे तुटली, ते शोधायचं काम माणसाचं.

दिवा कधी लागतो, हे नीट बघा

गॅरेजला जायच्या आधी मालकाला फुकटात करता येण्यासारखी ही तपासणी आहे.

गाडी चालू करताच दिवा लागून राहत असेल, तर दोष बहुतेक वेळा विजेचा असतो. वायर तुटलीय, फ्यूज उडालाय, सेन्सरची कॉइल मेलीय किंवा मॉड्युलच बोलत नाहीये. सुरुवातीला दिवा विझतो पण गाडी थोडा वेग घेते तेव्हा पुन्हा लागतो, असं असेल तर वायरिंग जोडलेलं आहे पण चाकाकडून येणारा सिग्नल चुकीचा आहे. मग संशय रिंगवर, बेअरिंगवर, सेन्सरवर साचलेल्या चिखलावर जातो. खड्ड्यातून गेल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच लागत असेल, तर कुठेतरी वायर आतून तुटलेली आहे आणि हलली की सुटते.

आणखी एक लक्षण आहे, त्यात दिवा लागतही नाही. सिग्नलला गाडी हळूहळू थांबत असताना, कोरड्या रस्त्यावरही, शेवटच्या क्षणी पेडलखाली करकर होते. रिंगला तडा गेला असेल किंवा सेन्सरच्या टोकाशी गंज साचला असेल, तर हळू वेगात सिग्नल मध्येच तुटतो. कॉम्प्युटरला वाटतं चाक अडकलं आणि तो उगाच ब्रेक सोडायला लागतो.

यातलं काय होतंय ते कधी, कुठे, किती वेगाला, असं लिहून मेकॅनिकला दिलं तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

स्कॅनर लावला, कोड आला. मग झालं ना?

नाही झालं. खरी गडबड इथेच होते.

ऑनलाइन मिळणारे ब्लूटूथचे स्वस्त ओबीडी स्कॅनर प्रामुख्याने इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड त्यातल्या बऱ्याच जणांना दिसतच नाहीत. 'मी स्कॅन केलं, काही फॉल्ट नाही' असं म्हणणाऱ्याने कुठला स्कॅनर वापरला, हे म्हणून विचारायचं. एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो.

त्यात समजा सी००३५ असा कोड आला. अनेक गाड्यांमध्ये याचा अर्थ पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. इथे 'सर्किट' हा शब्द महत्त्वाचा. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, वायर आणि मॉड्युलच्या आतला तेवढा भाग, हे सगळं. कोड वाचून लगेच सेन्सर बदलला, दिवा गेला नाही, मग 'आता मॉड्युलच असणार' म्हणून तेही बदललं, असा प्रवास होतो. आणि शेवटी चाकाजवळची वायर तुटलेली निघते.

यू०१२१ हा कोडही असाच फसवा. बाकीच्या कॉम्प्युटरना एबीएसच्या मॉड्युलशी बोलता येत नाही, इतकंच तो सांगतो. मॉड्युल मेलं असेल तर तो येतोच, पण मॉड्युलचा फ्यूज उडाला असेल किंवा अर्थिंग गंजलं असेल तरीही तोच येतो. ज्याला वीजच मिळत नाही तो बोलणार कसा?

म्हणून कोडनंतरची पायरी लाइव्ह डेटाची. स्कॅनरच्या स्क्रीनवर चारही चाकांचा वेग एकत्र लावायचा आणि गाडी ताशी वीसच्या वेगाने सरळ चालवायची. तीन चाकं वीस दाखवतायत आणि चौथं शून्य, किंवा चौथं वीस-बारा-वीस असं उड्या मारतंय, तर दोषी चाक सापडलं. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ही तपासणी न करता कुणी मॉड्युल बदलायला सांगत असेल, तर त्याने अंदाज केलाय असं समजायला हरकत नाही.

चाकापाशी काय काय निघतं?

दोषी चाक सापडलं की मेकॅनिक ते खोलतो. सगळ्यात आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं. वायर कुठे घासलीय का, कपलरमध्ये हिरवट गंज आहे का, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा भुगा चिकटलाय का. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या आणि कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये कपलरचा गंज नेहमीचा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांना उंदीर नेहमीचे. वायर बाहेरून धड दिसली तरी आतली तार तुटलेली असू शकते, विशेषतः पुढच्या चाकांची, कारण प्रत्येक वळणावर ती वाकते.

मग मल्टिमीटर. इथे सेन्सरचा प्रकार माहीत असावा लागतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तांब्याची कॉइल असते. त्याचा रेझिस्टन्स साधारण एक हजार ओहमच्या आसपास मिळतो आणि चाक हाताने फिरवलं की मीटरवर थोडा एसी व्होल्टेज दिसतो. नव्या गाड्यांमधल्या सेन्सरमध्ये मात्र आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. त्याला ओहमवर मोजून काही कळत नाही, उलट सेन्सरला धोका. अशा सेन्सरला मॉड्युलकडून वीज पोहोचतेय का हे आधी बघायचं आणि मग चाक फिरवून सिग्नल बदलतोय का ते बघायचं. जुन्या सवयीने नव्या सेन्सरला ओहमवर लावून 'सेन्सर गेलाय' म्हणणारे कमी नाहीत.

आता बेअरिंगचा किस्सा. अनेक नव्या गाड्यांमध्ये दातेरी रिंग नसते. तिच्या जागी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच बारीक चुंबकीय पट्टी असते आणि ती दिसायला साध्या रबरासारखी दिसते. चाकाचा घूं घूं आवाज येतो म्हणून बेअरिंग बदललं जातं, बसवताना ते उलटं बसतं, चुंबकीय बाजू सेन्सरपासून लांब जाते. चाक छान फिरतं, आवाजही गेलेला असतो, पण एबीएसचा दिवा लागतो. कुणाला वाटतं योगायोगाने सेन्सर गेला, कुणाला वाटतं मॉड्युल. बेअरिंग बसवायच्या आधी दोन्ही बाजूंना एक हलकी टाचणी लावून बघितली की चुंबकीय बाजू कळते. एकदा उलटं दाबून बसवलं की बहुतेक वेळा ते काढताना खराब होतं आणि पुन्हा नवीनच घ्यावं लागतं. बेअरिंग, सस्पेंशन किंवा ब्रेकचं काम झाल्यावर लगेच दिवा लागला असेल, तर आधी त्याच कामाकडे बघायचं.

टायरचंही तसंच. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर लावला तर त्या चाकाचा वेग सतत वेगळा दिसतो. आणि बॅटरी कमजोर असेल तर सुरू करताना व्होल्टेज इतका पडतो की एबीएसचा कॉम्प्युटर तक्रार नोंदवतो. गाडी खूप दिवस बंद होती, जंपस्टार्ट करून काढली आणि दिवा लागला, तर आधी बॅटरी तपासा.

आणि मॉड्युलच गेलं असेल तर?

तसंही होतं. काही गाड्यांचे तर हे ओळखीचे आजार आहेत. फोक्सवॅगन ग्रुपच्या २००० च्या दशकातल्या अनेक गाड्यांमध्ये एमके-६० नावाचं मॉड्युल होतं. त्याच्या आत बसलेला ब्रेकचा दाब मोजणारा सेन्सर खराब होऊन ०१४३५ हा कोड यायचा. सेन्सर सुटा मिळत नसल्याने अख्खं मॉड्युल बदलायला सांगितलं जायचं. १९९९ च्या आसपासच्या व्होल्वो गाड्यांमध्ये मॉड्युलच्या आतल्या सोल्डरला तडे जायचे. या दोन्ही बिघाडांवरून परदेशात मॉड्युल दुरुस्त करून देणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला.

आपल्याकडेही मोठ्या शहरांत ईसीएम दुरुस्त करणारे असतात आणि त्यातले काही एबीएसचे कॉम्प्युटरही हाताळतात. कॉम्प्युटरचा भाग सुटा होत असेल तर तो एकटा काढून दुरुस्त करता येतो, ब्रेक ऑइलचे पाइप खोलावे लागत नाहीत. पण ही ब्रेकची गोष्ट आहे, म्युझिक सिस्टिमची नाही. लेखी वॉरंटी देणाऱ्याकडेच द्यावं, आणि व्हॉल्व्ह-पंपाचा ठोकळा कुणी खोलत असेल तर देऊच नये.

कुर्ल्यासारख्या भंगार मार्केटमधून जुनं मॉड्युल आणणं हा तिसरा मार्ग. पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळावा लागतो, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये ते त्या गाडीला कोडिंग करून जोडावं लागतं. ठोकळा बदलला तर स्कॅनरने पंप फिरवून आतली हवा काढावी लागते. नुसतं पेडल मारून काढलेली हवा पुरत नाही, पेडल मऊ राहतं.

या सगळ्याच्या आधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत: मॉड्युलला पूर्ण व्होल्टेज पोहोचतोय आणि अर्थिंग चांगलं आहे हे मोजलेलं असणं, आणि चॅसिस नंबरवर कंपनीचा रिकॉल आहे का हे बघणं. रिकॉल असेल तर दुरुस्ती फुकट होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाने मिळून ३३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या होत्या. एबीएस मॉड्युलमध्ये आतल्या आत ऑइल गळून शॉर्टसर्किट आणि आगीचा धोका होता, आणि त्यावरचा इलाज ठरला फ्यूज बदलणं. तो रिकॉल अमेरिकेतल्या गाड्यांसाठी होता, पण भारतातही एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत.

गल्लीतल्या मेकॅनिककडे हे सगळं का नसतं?

अनेक जण म्हणतील, आमचा मेकॅनिक हुशार आहे पण त्याच्याकडे कंपनीचा स्कॅनर नाही. हा प्रश्न थेट कॉम्पिटिशन कमिशनपर्यंत गेला होता. कार कंपन्या मूळ स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, ही तक्रार कमिशनने मान्य केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. पण पोर्टलवर माहिती असणं आणि नाक्यावरच्या गॅरेजमध्ये स्कॅनर असणं यात अजून बरंच अंतर आहे. तोपर्यंत एक मधला मार्ग बरेच जण वापरतात. फक्त तपासणीचे पैसे देऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडून किंवा दुसऱ्या सर्व्हिस सेंटरमधून स्कॅन रिपोर्ट घ्यायचा आणि काम आपल्या माणसाकडून करून घ्यायचं.

एस्टिमेटवर सही करायच्या आधी

सर्व्हिस ॲडव्हायझरला तीन प्रश्न विचारा. कोड कुठला आला? लाइव्ह डेटात कुठलं चाक चुकतंय? सेन्सर, वायर आणि मॉड्युलची सप्लाय मोजली का? त्याने खरंच तपासलं असेल तर उत्तरं तयार असतात. स्कॅन रिपोर्टची प्रिंट किंवा फोटो मागा, एस्टिमेट लेखी घ्या, 'पार्ट बदलून दिवा गेला नाही तर काय' हे जॉब कार्डवर लिहून घ्या आणि जुना पार्ट परत मागा. नुसता स्कॅनरने कोड पुसून दिवा घालवला असेल, तर तो काही किलोमीटरमध्ये परत येतो. म्हणून गाडी ताब्यात घेताना बरोबर एक चक्कर मारा.

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलच नसेल तर पुढे भांडायला काही उरत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

सेकंडहँड गाडी घेताय?

मग उलटी तपासणी करा. दिवा लागलेला नाही, हे पुरेसं नाही. महागडी दुरुस्ती टाळण्यासाठी काही जण डॅशबोर्डमधला एबीएसचा दिवाच काढून टाकतात, किंवा त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे तो बाकीच्यांबरोबर विझतो. इंजिन सुरू न करता किल्ली फक्त ऑन करा. एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि काही सेकंदांत विझलाच पाहिजे. लागतच नसेल, किंवा नेमका ऑइलच्या दिव्याबरोबरच विझत असेल, तर एबीएस वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी तीस-चाळीसच्या वेगात एकदा जोरात ब्रेक मारून बघा. पेडलखाली थरथर आली पाहिजे. चाकं किंचाळत घसरली, तर ती दुरुस्ती तुमच्या खिशातून होणार आहे, हे धरूनच भाव ठरवा.